बिनचरबीचं एक किलो

देशोदेशीचे भाव एकमेकांशी ताडून पाहायचे, तर वस्तू सगळीकडे अगदी तीच हवी, हा राजधानीतल्या कचेरीचा नियम. कचेरीसाठी भाव टिपणाऱ्या ऊरिंतुयाला यादीतलं सगळं अर्वैखेरच्या बाजारात सापडलं. राहिलं एकच: चरबी आणि हाडं काढलेलं गोमांस, एक किलो. रकाना रिकामा राहिला म्हणून तिच्या आधीच्या बाईला कचेरीतल्या साहेबांनी घरी बसवलं होतं.

खाटीक दाशझेवेगने सुरी खाली ठेवली. "घरी कोण आजारी आहे गं पोरी?"

"कोणी नाही, दादा. भाव हवाय."

"चरबी काढायची नि वर भाव विचारायचा? कुत्रंसुद्धा हुंगणार नाही असलं."

खरंच होतं ते. इथले लोक हिवाळ्याआधी अर्धी गाय घेतात आणि चरबीच्या तुकड्यासाठी भांडतात. पण नोकरी जायची भीती मोठी. तिने पदरच्या पैशाने किलोभर कापून घेतलं. त्याने मान खाजवत अठरा हजार तुग्रिक सांगितले. विकत घेतलं म्हणजे भाव खरा, अशी तिने मनाची समजूत घातली आणि आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण यादी आता दर महिन्याला यायला लागली. गिऱ्हाईक ही एकटीच आहे, हे ओळखायला दाशझेवेग काही दूधखुळा नव्हता. बावीस हजार, मग सव्वीस, मग बत्तीस.

"परवडत नसेल तर राहू दे, पोरी," तो सुरीला धार लावत म्हणायचा.

नाही घेतलं तर रकाना रिकामा. भाव खोटा म्हणावा, तर आधीचेही खोटे ठरणार. घरी आई ते कोरडं मांस चावत कुरकुरायची. ऊरिंतुया अगदी मेटाकुटीला आली.

सहाव्या महिन्यात साहेबांचा फोन आला. "एवढं महाग? या भावाने तिथल्या पगारात काय येणार? आमच्या कोष्टकात तुमचं गाव एकदम गरीब दिसायला लागलंय."

तिने सगळं सांगून टाकलं. रडलीसुद्धा. नोकरी गेली तर गेली, पण एकदाची सुटका.

पलीकडे साहेबांनी खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

"बाई, तुमचा भाव आल्यावर मी बाकीच्या वीस गावांना खडसावलं," साहेब हळूच म्हणाले. "अर्वैखेरला मिळतं, मग तुम्हाला कसं मिळत नाही, म्हणून. आता वीसही गावांतून भाव येतोय. देशाचा आकडा परदेशी गेलासुद्धा."

"मग मी काय करू, साहेब?"

"घेत राहा. ते आता आपल्या देशात मिळतं, बाई. मिळत राहिलंच पाहिजे."