मला तेलाच्या वाटीची भीती वाटते

मित्रांनो, मी एक जुनी शीर, म्हणजे रक्तवाहिनी आहे. गिरजाबाईच्या डोक्यात डाव्या बाजूला राहते. तिचा उजवा हात आणि तिची वाचा मेंदूच्या ज्या भागाच्या जोरावर चालतात, त्या भागाला रक्त पोहोचवणं हे माझं काम. जन्मापासून मी क्षणभरही थांबले नाही, पण माझी आठवण कुणाला कधी आली नाही. आज मी फार घाबरले आहे, म्हणून बोलते.

लहानपणी माझा थाट काय सांगू! लहान मुलांच्या मेंदूला रक्त भरपूर लागतं. अनसिंग गावच्या पोरींत गिरजा सगळ्यांत बडबडी, आणि तिच्या बडबडीला पुरी पडायची मी. लग्न होऊन ती वाशीमकडच्या मालेगावजवळ मळ्यात आली. नवरा पुंजाजी, हातात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. भर वयात बायकांच्या मेंदूत पुरुषांपेक्षा रक्त थोडं जास्तच वाहतं. बायकांच्या अंगातलं एक रसायन आम्हा शिरांना लवचीक ठेवतं. त्या दिवसांत मी कशाला भीत नव्हते.

पुढे गिरजाबाईची पाळी थांबली आणि ते रसायन आटलं. वय पुरुषाला सोडत नाही, तसं बाईलाही सोडत नाही. माझ्या भिंती ताठरल्या, आत चरबीचा थर धरला, रक्ताची धार बारीक झाली. मळ्यातली ठिबकची जुनी नळी उन्हानं कडक होते आणि क्षारानं चोंदते, तसंच हे. नळी चोंदली की गिरजाबाईला कोमेजल्या रोपावरून लगेच कळायचं. ती नळी झटकायची, फुंकायची. माझी मात्र तिला खबर नव्हती. डोकं ठणकलं की फडकं कसून बांधायचं आणि कामाला लागायचं, एवढंच तिला ठाऊक.

एकदा बाजाराच्या दिवशी बीपी तपासणारे आले होते. गिरजाबाईनं पुंजाजीला पुढे ढकललं. "यायचं बीपी पाहा. मले काय होते? बायकायले असलं काही होत नाही." पुंजाजीच्या गोळ्या सुरू झाल्या. मी आत तडतडत राहिले.

मग एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधताना रक्ताची एक बारीकशी गाठ माझ्यात येऊन अडकली. जुडी हातातून गळली, जीभ जड झाली.

"वारं लागलं वो तुले!" पुंजाजी धावला. लसूण घालून तेल कढवलं, वाटी घेऊन बसला आणि तिचा हात चोळू लागला. मित्रांनो, तो चोळत असतानाच ती गाठ आपली आपणच विरघळली. बोटं हलली.

"पाह्यलं? तेलानं कसं बरं झालं!"

त्यांची सून तनुजा म्हणाली, "मामाजी, तरी दवाखान्यात न्या लागते आत्याबाईले."

"कायले?" गिरजाबाई हसली. "उद्या बाजार हाये."

वाटी कोनाड्यात गेली, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. ही गाठ पुन्हा येणार हे मला कळत होतं. ती आली की ही माणसं पुन्हा तेलच कढवतील, या विचारानं मी धास्तावून जायची.

आज ती आली, आधीपेक्षा मोठी. गिरजाबाई वाफ्यात कोसळली. तिला तनुजाला हाक मारायची होती, पण ते नाव काही केल्या ओठांवर येईना. पुंजाजी घराकडे पळाला. शेगडी पेटल्याचा आवाज आला आणि मी हाय खाल्ली.

तनुजानं सासूचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं, पडलेला हात पाहिला. घरात जाऊन तिनं शेगडी बंद केली.

"तवा तेलानंच बरं झालं होतं!" पुंजाजी रडकुंडीला आला.

"तवा आपोआप झालं असन, मामाजी. आता नाही झालं तं?" आणि तिनं नवऱ्याला हाक दिली, "अवो, गाडी काढा!"

तिचा नवरा गोपाल भाजीची गाडी हाकतोय. आम्ही वाशीमच्या रस्त्यावर आहोत. गिरजाबाई पोत्यांवर पडली आहे. माझ्या पलीकडचा मेंदू तहानेनं तडफडतोय, थोडा थोडा मरतोय. गाठ विरघळवणारं औषध वेळेत मिळेल का, मला ठाऊक नाही. पुंजाजी तिचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळतोय. आता त्याच्याजवळ तेलही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर ती बाई आहे की पुरुष, हे बघत बसू नका. थोड्या वेळात बरं वाटलं, तरी थांबू नका. दवाखाना गाठा. आणि डोक्याला फडकं बांधून राबणाऱ्या बाईचं बीपी एकदा तपासायला लावा. ती स्वतःहून कधीच सांगणार नाही. गिरजाबाईला आता बोलता येत नाही. मला तर तोंडच नाही. तुम्हाला बोलता येतं.