मेलेल्या कवयित्रीची सहाण

मी सहाण. चंदनाची नव्हे, शाईची. माझ्या उतारावर चार थेंब पाणी टाकायचं, शाईची कांडी गोल गोल उगाळायची आणि खालच्या खळग्यात जमलेल्या काळ्या शाईत कुंचला बुडवायचा. एवढंच माझं काम. पण माझ्यावर शाईपेक्षा रक्तच जास्त सांडलं आहे, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्मच किंकाळीतून झाला. दक्षिणेकडच्या डोंगरात, नदीच्या पातळीखाली, एक खाण आहे. तिथे माणसं उघडी होऊन पालथी झोपून दगड फोडतात आणि त्यांच्या मागे बसलेले उपसून उपसून पाणी बाहेर काढतात. मला कातळातून सुटं केलं त्याच क्षणी वरचा थर कोसळला. मला सोडवणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय त्याखाली गेले. माणसाचा पहिला आवाज मी ऐकला तो त्याचा. तो मेल्यावर मला धुऊन कारागिराकडे पाठवलं. त्याने कडेला एक कमळाचं पान कोरलं. मला विकत घेणारे सगळे म्हणायचे, "किती शांत दगड आहे!"

ल्यूथांग नावाच्या कालव्याकाठच्या गावात फांग मास्तरांनी मला घेतलं. बायको गेलेली, मुलगा नाही. एक मुलगी, सूयी. मास्तरांनी तिलाच शिकवलं. पावलं वाढू नयेत म्हणून पाचव्या वर्षी तिचे पाय कापडाने घट्ट बांधले तेव्हा ती रात्रंदिवस रडायची, आणि मास्तर तिच्या हातात कुंचला देऊन म्हणायचे, "लिही बाळ, लिहिताना दुखत नाही." दुखायचंच. मला ठाऊक आहे, तिचे अश्रू माझ्या खळग्यात पडायचे.

लग्नात मी रजयांच्या घड्यांमध्ये बसून माओंच्या घरी गेले. सासूबाईंनी पेटी उघडली, मला उचललं आणि विचारलं, "हा दगड कशाला? लोणच्यावर ठेवायला?"

"लिहायला, सासूबाई."

"या घरात लिहायला माझा मुलगा आहे."

मुलगा पेइलिन. सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेला बसायचा आणि पडायचा, पुन्हा बसायचा आणि पुन्हा पडायचा. त्याच्या कविता मी ऐकल्या आहेत. मोजून मापून केलेल्या, एकही चूक नसलेल्या आणि साफ मेलेल्या.

त्या घरात सूयीला एकच माणूस मिळालं, तिची नणंद चिंगवान. लहानखुरी, दात किंचित पुढे, आणि जीभ अशी की वाढपी बायकासुद्धा तिच्यापासून चार हात दूर राहायच्या. दुपारी सासूबाई डुलक्या घेऊ लागल्या की ती वहिनीच्या खोलीत यायची आणि माझ्यावर शाई उगाळायला बसायची.

"वन्सं, इतक्या जोरात नका उगाळू. सहाण झिजेल."

"झिजू दे. दादाच्या डोक्यापेक्षा मऊच आहे ती."

एकीने ओळ म्हणायची, दुसरीने पुढची जोडायची, असा त्यांचा खेळ. एकदा चिंगवान पावसातून चिंब भिजून आली, सासूबाईंची बोलणी खाल्ली आणि केस पिळता पिळता म्हणाली, "मला छत्री कुणी दिली नाही. मी पावसालाच भिजवून आले." सूयीने कुंचला खाली ठेवला. मग म्हणाली, "वन्सं, माझ्या दहा वर्षांच्या लिहिण्यात अशी एक ओळ नाही."

जिल्ह्याच्या गावातल्या एक विदुषी बायकांच्या कविता गोळा करून छापत होत्या. दोघींनी आपल्या पाठवल्या. पुस्तक निघालं, आणि ते दारूच्या बैठकीत पेइलिनसमोर आलं. कुणीतरी हसत हसत त्याला म्हणालं, "माओसाहेब, पुढच्या परीक्षेला वहिनींना पाठवा की!"

तो घरी आला आणि सूयीच्या बांधलेल्या पावलावर टाच ठेवून उभा राहिला. हाडाचा आवाज मी ऐकला. मग त्याने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मागे वाकवली.

"परक्या पुरुषांनी तुझं नाव जिभेवर घ्यायचं? गाणाऱ्या बायकांच्या पंक्तीत बसवलंस माझ्या घराला!"

"अहो, सोडा... बोट मोडेल."

"मोडण्यासाठीच धरलंय."

एक मोडलं. मग त्याने सगळ्या वह्या शेगडीत घातल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. "धूर फार होतोय रे," एवढंच म्हणाल्या. चिंगवान मात्र आत घुसली आणि भावाच्या तोंडावर म्हणाली, "जाळ. वहिनीच्या सगळ्या मला पाठ आहेत." त्याने तिला थोबाडीत मारली. तिने ओठाचं रक्त पुसलं आणि पहिली कविता म्हणायला सुरुवात केली.

त्यानंतर दोघींनी कागदाला हात लावला नाही. हिच्या कविता तिने पाठ करायच्या, तिच्या हिने. माझ्यावर धूळ बसली, पण खोलीतली कुजबूज थांबली नाही.

मग सम्राटाविरुद्ध उठलेले लांबकेशे बंडखोर आले. कालव्याच्या पलीकडची गावं जळत होती. पाण्यावरून प्रेतं वाहत यायची, आणि घाटावरच्या बायका ती बांबूने ढकलून कपडे धुवायच्या. माणूस कशालाही सरावतो, हे मी तेव्हा पाहिलं. एका सकाळी गावाच्या पूर्व वेशीकडून आरडाओरडा ऐकू आला. पेइलिनने मागच्या दाराशी होडी आधीच बांधून ठेवली होती. तिच्यात सासूबाई बसल्या, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या ठेवल्या, पेट्या ठेवल्या. मग तो सूयीच्या खोलीत आला, चिंगवानला हाक मारली, कागद पसरला आणि माझ्यावर पाणी टाकून स्वतः शाई उगाळू लागला. लग्न झाल्यापासून बायकोसाठी त्याने शाई उगाळली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

"चार ओळी लिही," तो सूयीला म्हणाला. "अब्रू राखण्यासाठी प्राण देते, असं काहीतरी. तुला जमतं ते. मग दोघी मागच्या विहिरीत उड्या घ्या."

सूयीने विचारलं, "आणि तुम्ही?"

"मला आई आहे. वंश आहे."

"दादा," चिंगवान म्हणाली, "होडीत जागा आहे. दोन पेट्या खाली टाक, आम्ही मावतो."

"वाटेत ते होडी अडवतील. तुम्ही त्यांच्या हाती लागलात तर माओंचं नाव काय राहील?"

"नाव तू ठेव. मला जगायचंय."

त्याने तिचे केस धरले. तिला फरफटत अंगणात नेलं. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, मांस तुटलं, तरी त्याने सोडलं नाही. विहिरीच्या काठाला ती दोन्ही हातांनी चिकटली, आणि त्याने एकेक बोट सोडवलं. बोटं सोडवायची त्याला सवय होती. होडीतून सासूबाईंची हाक आली, "झालं का रे? चल लवकर!"

विहिरीतून आवाज आला.

सूयी धावली. धावली म्हणते, पण तशा पावलांनी कुणी धावू शकत नाही. ती पडली, उठली, पुन्हा पडली. तिच्या हातात मी होते. खळग्यातली शाई तिच्या बाहीवरून ओघळत होती. पेइलिन वळला आणि तिने मला त्याच्या तोंडावर हाणलं. जबडा फुटला. तो गुडघ्यांवर आला आणि तिने दुसऱ्यांदा हाणलं. दात फरशीवर पडले. माझं एक टोक उडालं. खोटं सांगत नाही, त्या घावात मी माझा सगळा भार घातला.

तिसरा घाव बसला नाही. गल्लीत आरोळ्या उठल्या, आणि तो तोंड धरून, रक्त गाळत होडीकडे पळाला. त्याला वाटलं असेल, उरलेलं काम बंडखोर करतील.

सूयीने विहिरीत दोर सोडला. "वन्सं! दोर धरा! वन्सं!" तिचा आवाज बसेपर्यंत ती हाका मारत राहिली. दोर हलका होता, हलकाच राहिला.

बंडखोरांनी शेजारच्या म्हाताऱ्या तेल्याला दारातच कापलं. सूयीला मारलं नाही, कामाला लावलं. त्यांच्या छावणीत बायकांना पायांचे बंध सोडायला लावायचे आणि खंदक खणायला पाठवायचे. तिथे मीही कामाला आले. माझ्यावर जखमेवरचा पाला वाटला गेला, मीठ वाटलं गेलं, सुरे घासले गेले. सूयी माती वाहता वाहता चिंगवानच्या कविता पुटपुटायची. बायकांना वाटायचं, ती मंत्र म्हणतेय. मग सरकारी फौज आली आणि तिने बंडखोरांसकट त्या बायकाही कापल्या. सूयी प्रेतांमध्ये पालथी पडून राहिली. मी तिच्या पोटाखाली होते. तिचं काळीज माझ्यावर आपटत होतं.

त्यानंतर शांघाय. तिथे ती 'विधवा तांग' झाली आणि व्यापाऱ्यांच्या मुलींना शिकवू लागली. मोडलेलं बोट वाकडंच राहिलं होतं, तरी अक्षर सुंदर होतं. मुली तिला बाई म्हणायच्या. एक दिवस छाइपिंग नावाची विद्यार्थिनी नवं पुस्तक घेऊन आली.

"बाई, ही पतिव्रता फांग सूयीची शेवटची कविता. तिने आणि तिच्या नणंदेने हातात हात घालून विहिरीत उडी घेतली. सम्राटांनी त्यांच्या नावाने दगडी कमान उभारायचा हुकूम दिलाय. आईने पाठ करायला सांगितलीय. म्हणू?"

"म्हण."

छाइपिंगने डोळे मिटून कविता म्हटली. सूयी शांतपणे ऐकत होती.

"बाई, तुम्हाला नाही आवडली?"

"तिसरी ओळ लंगडी आहे," सूयी म्हणाली. "आणि फांग सूयीने इतकं वाईट कधी लिहिलं नाही."

"तुम्ही ओळखत होता तिला?"

सूयी हसायला लागली. हसता हसता ओकली. मग तोंड धुऊन आली, मला पुसलं आणि शाई उगाळायला बसली. पेइलिनने तिच्या नावाने कविता लिहून तिला मारलं होतं आणि त्या मरणावर मानाची जागा मिळवली होती. ती स्वतःसाठी लिहायला बसली नाही. चिंगवानच्या कविता तिने आठवून आठवून उतरवल्या. सुरुवातीला काय घडलं ते सरळ लिहिलं. दोर, होडी, बोटं, सगळं. खाली स्वतःचं खरं नाव घातलं. छाइपिंगच्या आईने वाचलं, दोन दिवस जेवली नाही, आणि स्वतःच्या बांगड्या देऊन छपाईचे लाकडी ठसे कोरून घेतले.

पुस्तक चार घरांत गेलं आणि पेइलिन आला. भर सकाळी, मुलींचा वर्ग चालू असताना, दोन आडदांड माणसं बरोबर घेऊन. जबडा एका बाजूला सरकलेला, बोलताना लाळ पुसत होता.

"ही भामटी कोण? माझी बायको विहिरीत मेली. हिने तिचं नाव चोरलंय!"

"मग मला कचेरीत न्या," सूयी म्हणाली. "न्यायाधिकाऱ्याला सांगा, ही सूयी नाही. मी सांगेन, मी आहे. मी खरी ठरले तर कमान खोटी. आणि सम्राटाला फसवल्याची शिक्षा काय असते, ते तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. चला, मी चप्पल घालते."

तो जागचा हलला नाही. माणसांना म्हणाला, "फोडा." त्यांनी ठशांवर कुऱ्हाडी चालवल्या आणि अंगणात ढीग करून पेटवले. सूयी आडवी गेली तर एकाने तिच्या पोटात लाथ घातली. पेइलिनने मला उचललं. ओळखलं त्याने मला. भिंतीवर असं भिरकावलं की माझे दोन तुकडे झाले.

धुरात खोकत असताना कुणीतरी म्हणू लागलं, "मला छत्री कुणी दिली नाही..." ती छाइपिंग होती. मग दुसरी मुलगी, मग सगळ्याच. पेइलिन हात उगारून छाइपिंगकडे गेला. सूयीने माझा अर्धा तुकडा उचलला आणि मध्ये येऊन उभी राहिली. तुटलेली कडा बाहेर होती. पेइलिनचा उगारलेला हात आपोआप स्वतःच्या जबड्याकडे गेला. तो मागे सरकला, उंबरठ्याला अडखळला आणि गेला.

पुन्हा आला नाही. कमान मात्र पडली नाही. पेइलिन मानाने म्हातारा झाला, मानाने मेला. न्याय वगैरे मी पाहिला नाही, पाहिल्याचं सांगणार नाही. ठसे दुसऱ्यांदा कोरले गेले, दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने. सूयी सत्तरीपर्यंत जगली. शिकवत राहिली, मुलींच्या वाईट ओळी खोडत राहिली आणि एका थंड सकाळी खुर्चीतच गेली.

माझा दुसरा तुकडा केराबरोबर कुठे गेला, माहीत नाही. मी छाइपिंगने पुढे काढलेल्या शाळेत खिडकीपाशी असते. वारा आला की कागद उडू नयेत म्हणून मला वर ठेवतात. आता शाई बाटलीतून येते, उगाळायची कुणाला गरज नाही. माझी तक्रार नाही. खूप उगाळले गेले.

एकच मागणं आहे. तुम्ही कधी ल्यूथांगला गेलात तर लोक तुम्हाला कमान दाखवतील आणि डोळे पुसतील. तुम्ही मागच्या अंगणात जा. ती विहीर बुजवली आहे, वर कोबी लावतात. तिथे क्षणभर उभे राहा आणि मोठ्याने सांगा की चिंगवान अठरा वर्षांची होती आणि तिने होडीत जागा मागितली होती.