रिव्हेटच्या दोन बाजू

गुढियारीच्या दुकानात मालकाने कॉम्प्रेसर चालू करून दाखवला, तेव्हा कुमुदने दोन्ही कानांवर हात ठेवले. शिरीष मात्र मान तिरकी करून ऐकत होता. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यंत्राचा आवाज ऐकूनच त्याची तब्येत कळायची. मशीन पसंत पडलं. मग मालकाने पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची हवेवरची बंदूक त्याच्या हातात दिली. शिरीषने ती उचलली, आणि तिचं टोक थरथरायला लागलं.

"साहब, ठंड लग रही है क्या?" मालकाने हसत विचारलं. बाहेर एप्रिलचं ऊन रस्ता भाजून काढत होतं.

शिरीषने बंदूक काउंटरवर ठेवली आणि हात खिशात घातला. "हव, थोडीसी," एवढंच म्हणाला. कुमुदने दुसरीकडे पाहिलं. ही थरथर म्हणजे कंपवात आहे, हे डॉक्टरांनी गेल्या दसऱ्याच्या सुमारास सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, कारण शिरीषला ते आवडत नसे.

विमानाचं खूळ मात्र दुखण्याच्याही आधीचं होतं. लहानपणी गावाबाहेरच्या माना विमानतळाच्या कुंपणाला धरून तो तासन्‌तास उभा राहायचा, हे कुमुदने लग्नानंतर सासूकडून ऐकलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने परदेशातल्या एका कंपनीकडून घरी बांधायच्या दोन जणांच्या विमानाचे भाग मागवायला सुरुवात केली. पहिली पेटी शेपटीची. ती आता मागच्या शेडमध्ये येऊन पडली होती. परवानग्यांची भानगड वेगळीच होती, त्याची पत्रं येत-जात होती. मोहल्ल्यातली पोट्टी त्याला 'जहाजवाले अंकल' म्हणायची. कुमुद त्याला काहीच म्हणायची नाही. आपण बँकेतून रिटायर झाल्यावर दोघं मिळून कुठेतरी फिरायला जाऊ, असं तिच्या मनात होतं. ते मनातच राहिलं, आणि त्या पेटीवर तिचा राग होता.

कॉम्प्रेसर घरी आला त्या रविवारी शिरीषने शेडमध्ये चादर अंथरली आणि जुनी अवजारं बाहेर काढली. कानशी, पत्रा कापायच्या कात्र्या, हातोड्या, पंच. प्रत्येकाच्या मुठीला त्याच्या तळव्याचा आकार आलेला. एकेक उचलून तो बघायचा आणि बाजूला ठेवायचा. बाजूचा ढीग वाढत गेला.

चहा घेऊन आलेली कुमुद थबकली. "हे सगळं काहून काढून टाकून राहिले? चांगलं तर आहे."

"चांगलं आहे. पण यानं लोखंड घासलं आहे जिंदगीभर." त्याने एक कानस उजेडात धरली. "याच्या दातात लोखंडाचा कीस बसला आहे. हे विमानाच्या अ‍ॅल्युमिनिअमवर चालवलं की तो कीस त्यात रुतते. मग ओल लागली की पत्रा आतून पोखरते. वरून दिसत बी नाही."

"धुऊन नाही चालणार?"

"नाही चालणार. वॅगन असती तर चाललं असतं. वॅगन बंद पडली तर रुळावर उभी राहते."

त्याने कानस ढिगात टाकली. कुमुद चहाचा कप हातात घेऊन तिथेच बसली. शेवटी जुन्यांतली एकच गोष्ट शिरीषने ठेवली. लोखंडाचा एक गुळगुळीत, जड ठोकळा. कारखान्यात त्याला डॉली म्हणत. रिव्हेटवर एका बाजूने बंदूक ठोके देते, तेव्हा पत्र्यामागून डॉली दाबून धरायची, म्हणजे रिव्हेटचं शेपूट चेपून घट्ट बसतं. डॉली कशाला घासत नाही, त्यामुळे ती चालणार होती. तरी त्याने ती रॉकेलने पुसून पुसून आरशासारखी केली.

बाकीचं नवीन आलं. हवेचं ड्रिल, भोकाच्या काठावरची धार काढायचं हत्यार, दोन पत्रे रिव्हेट बसेपर्यंत एकत्र धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या छोट्या खुंट्या. शिरीष जास्त घेत नव्हता. कॅटलॉगमध्ये शंभर वस्तू होत्या. ज्याच्याशिवाय पहिला पत्रा जोडता येणार नाही तेवढंच आधी, असं त्याने ठरवलं होतं.

सरावासाठी कंपनीने पत्र्याचे तुकडे दिले होते. दोन तुकडे जोडून त्याने शिकंज्यात धरले. डाव्या हाताने मागून डॉली, उजव्या हातात बंदूक. कुमुद स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. एक कर्कश तडतड झाली. मग थांबली. पुन्हा तडतड. शिरीष वाकून बघायचा, सरळ व्हायचा, पुन्हा वाकायचा. बराच वेळ हे चाललं. मग आवाज आलाच नाही.

ती गेली तेव्हा तो स्टुलावर बसला होता. पत्र्यावर रिव्हेटच्या बाजूने नखं मारल्यासारखे चंद्रकोरीचे खड्डे पडले होते. एकही रिव्हेट सरळ नव्हता. त्याचा उजवा हात मांडीवर आपल्याच लयीत हलत होता, आणि या वेळी त्याने तो लपवला नाही.

"विकून टाकू," तो म्हणाला. "ज्याचे हात चालतात त्याले देऊन टाकू."

रात्री जेवताना बंगळुरूहून लेकीचा, स्वरदाचा फोन आला. "मम्मी, सही तो है," विकायचं ऐकून ती म्हणाली. "पापा को चोट लग जाएगी। और बन भी गया तो उड़ाएगा कौन? डॉक्टर ने मना किया है ना?" स्वरदाला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती हिंदीतच. कुमुदने "बघू" म्हणून फोन ठेवला.

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पेटी जाईल, शेड रिकामी होईल. पण सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना तिला तो स्टुलावर बसलेला माणूस दिसत राहिला. कारखान्यात माणसं मेली, संप झाले, बढती अडली, तेव्हाही तिने त्याला असा बसलेला पाहिला नव्हता. तांब्या तिथेच ठेवून ती शेडमध्ये गेली. बंदूक उचलली. वाटली होती तेवढी जड नव्हती. हवेची नळी जोडताना तिने त्याला पाहिलं होतं, तशीच जोडली. तिने टोक रिव्हेटवर टेकवून घोडा दाबला. पत्रा थाडकन हादरला आणि रिव्हेट भोकातून निसटून पलीकडे उडाला.

आवाजाने शिरीष धावत आला. "अगं, काय करून राहिली? हात जाईल ना!"

"शिकवा मग."

"एकट्यानं रिव्हेट बसत नाही. मागून डॉली लागते. कारखान्यात दोघं असत नेहमी, एक इकडून, एक तिकडून."

"मग काल तुम्ही एकट्यानं काहून करत होते?"

शिरीषने उडालेला रिव्हेट उचलला. मग म्हणाला, "तुले कधी आवडलंच नाही हे. कोणाले विचारू?"

"मले विचारलं कुठं?" कुमुदचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पेटी मागवताना नाही विचारलं. दुखणं आलं तेव्हा पण नाही विचारलं. मी बाजूले उभी, आणि तुम्ही खिशात हात घालून फिरून राहिले."

रेल्वेलाइनवरून एक मालगाडी गेली, लांबलचक. तिचा आवाज संपल्यावर शिरीषने डॉली उचलली. दोन्ही हातांनी धरली, कोपरं बाकावर घट्ट रोवली आणि ठोकळा पत्र्याच्या मागे दाबला. त्या वजनाखाली थरथर पूर्ण गेली नाही, पण कमी झाली. "बंदूक सरळ धर," तो म्हणाला. "आधी दाबायचं, मग घोडा. मी 'हो' म्हणलो की."

पहिले बरेच बिघडले. मग एक बसला. शिरीषने त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "हा चालते," म्हणाला, आणि चष्मा काढून पुसत बसला.

त्या दिवशी अवजारांची निवड पुन्हा पहिल्यापासून झाली. बंदूक हलकी घेतली, कुमुदच्या मुठीत मावेल अशी. ड्रिल तिच्याकडे गेलं. मोजणं, आखणं, तपासणं त्याच्याकडे. गोळी घेतल्यावर हात शांत असायचा, तेव्हाच काम. उडवणार कोण, हा प्रश्न तिने एकदाच काढला. शिरीष म्हणाला, "मी नाही, हे ठाऊक आहे मले. ज्या दिवशी डॉक्टर बोलले, त्याच दिवशी समजलं." तिने आखणीची पट्टी त्याच्या हातात दिली.

दिवाळीपर्यंत शेपटीचा उभा भाग आकाराला आला. थंडी पडली आणि शिरीषचा हात बिघडत गेला. गोळीचा असर लवकर उतरायचा. एक दिवस त्याने बॅटरी घेऊन आतली बाजू तपासली आणि खालच्या रांगेतल्या काही रिव्हेटांवर लाल खूण केली.

"हे काढ," तो म्हणाला. "माझ्याकडून डॉली सरकली आहे इथं. शेपूट तिरपं चेपलं आहे."

कुमुदने वाकून पाहिलं. तिला फरक जेमतेम दिसला. "इतकं बारीक कोण पाहील? पक्के तर बसले आहेत."

"यात माणूस बसणार आहे, कुमुद."

तिने ड्रिल घेतलं. ज्या रिव्हेटांसाठी तो दात आवळून उभा राहिला होता, त्यांची डोकी ती एकेक करून उडवत गेली. डोळे भरून येत होते, म्हणून मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. शिरीष बाजूला बॅटरी धरून होता, उजेड पत्र्यावर हलत होता. सगळे निघाल्यावर त्याने डॉली फडक्यात गुंडाळून बाकावर ठेवली. "आता मी नाही धरत," तो म्हणाला. भांडल्यासारखं नाही, कारखान्यात पाळी संपल्यावर सांगावं तसं.

डिसेंबरच्या सुट्टीत स्वरदा आली. आल्या दिवशी ती शेडमध्ये गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेली, आणि दारातच उभी राहिली. तिच्या उंचीची चकचकीत शेपटी मधोमध उभी होती, खालच्या रांगेत काही भोकं रिकामी.

"इसको किसने पकड़ा था?" तिने डॉली उचलून विचारलं. तिला कोणी सांगायची गरज नव्हती, तरी विचारलं.

कुमुदने हवेची नळी जोडली. स्वरदा डॉली घेऊन पत्र्यामागे गेली, गुडघ्यांवर बसली. शिरीष तिच्या खांद्यामागे उभा राहिला. "कोपर टेकव," तो म्हणाला. "मनगट ढिलं सोड. आवाजाले भिऊ नको."

"पापा, ऐसे?"

"थोडं वर."

तिने ठोकळा थोडा वर घेतला. शिरीषने वाकून पाहिलं, आणि मग पत्र्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या कुमुदला म्हणाला, "हो."