राहिलेली वीत

मित्रांनो, हात म्हटला की तो खांद्याला असायचा. मी मात्र एका खाटेच्या कडेला स्क्रूने बसवलेला, यंत्राचा जुना हात आहे. आता कोपरात करकरतो, पण चालतो.

माझ्या बाई शिवणकाम करायच्या. जिन्यावरून पडल्या आणि खांद्यांपासून खालचं अंग कायमचं लुळं पडलं. मला बसवायला आलेल्या मुलीने त्यांच्या डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवला. त्यातून त्यांना आपलीच खोली दिसे, फक्त तिच्यात माझी निळी सावली तरंगत असे. बाई मान वळवून सावलीला हवं तिथे नेत आणि डोळे मिटून उघडत, की मी तिच्यामागे निघालो.

पहिल्या दिवशी मी रुमाल उचलला, तेव्हा बाई हसता हसता रडल्या. यजमानांनी शेजाऱ्यांना बोलावून माझं कौतुक केलं. ते बसचे निवृत्त ड्रायव्हर. माणूस लाखमोलाचा, पण धीर म्हणून नाही. मी ग्लासापर्यंत पोचायच्या आत ते तो बाईंच्या ओठांना लावून मोकळे.

"अहो, आणतोय ना तो."

"त्याचं सगळं गोगलगायीचं काम. तू कशाला मान दुखवून घेतेस?"

शेवटी बाईंनी चष्मा मागणंच सोडलं. मी धूळ खात पडलो. उन्हाळ्यात बाईंना वारा लागावा म्हणून यजमानांनी माझा प्लग काढून तिथे पंखा लावला. मायेपोटीच केलं हो, राग तरी कसा धरू?

एके दिवशी ते सकाळपासून तापाने फणफणले होते. बाई म्हणाल्या, "आधी मला चष्मा घाला, मग पडा. काही लागलं तर मी देईन." त्यांनी कसाबसा चष्मा घातला आणि शेजारच्या खाटेवर अंग टाकलं. दुपारी त्यांना उठवेना. "पाणी," ते म्हणाले. बाईंनी हाका मारल्या, पण शेजारी कामावर गेलेले. मग त्यांनी मान वळवली.

प्लग निघाल्यापासून माझ्या बॅटरीत जेमतेम धुगधुगी होती. मी मधल्या टेबलावरचा ग्लास उचलला, थेंबही न सांडता नेला, आणि यजमानांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबलो. चष्म्यातली सावली त्यांच्या ओठांपर्यंत पोचली होती. बाई डोळे मिटत राहिल्या, उघडत राहिल्या. मी हललो नाही.

"आणलंस की गं," ते ग्लासाकडे बघत म्हणाले.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

मित्रांनो, कुणी सावकाश काही करत असेल, तर मायेनेसुद्धा ते हिसकावून घेऊ नका. थोडं थांबा. आणि आमच्यासारख्यांचा प्लग तेवढा काढू नका.

माझा प्लग आता पुन्हा जागेवर आहे, आणि बाई रोज शेजारणीकडून चष्मा घालून घेतात. सकाळचा पहिला ग्लास त्या शेजारच्या रिकाम्या उशीपर्यंत नेतात. ती राहिलेली वीत मी रोज चालून जातो.