कडं तांब्याचं, वेग वाऱ्याचा

दुबईजवळच्या अजमानमधल्या एका कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी टाळ्यांचा नुसता कडकडाट उठला. फुटबॉल टीममधला तनिष शंभर मीटर धावला होता, आणि तेरा सेकंदांवरून थेट सव्वाबारावर आला होता! मधे झालं होतं एवढंच, की गतिगुरू सूर्यकांतजींनी त्याच्या घोट्यात तांब्याचं कडं अडकवलं.

"पहिल्यांदा समुद्राकडे पळवलं. मावळती दिशा शक्ती खाते!" गुरुजी माइकवर गरजले. "आता कडं घालून उगवतीकडे. बॉडीतली सुस्ती खलास! हबीबी, दोस्तांनो, फरक बघा!"

गळ्यात ऑफिसची कार्डं लटकवलेले शिकलेसवरलेले बाप कड्यांसाठी रांगेत धक्काबुक्की करू लागले.

तनिष आजीकडे, सत्यभामाबाईंकडे, धावत आला. "आजी, नो मोअर प्रॅक्टिस! गुरुजी सेड, जस्ट वेअर इट."

सत्यभामाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रोफेशनल क्लबची निवड चाचणी आठ दिवसांवर. दोन महिने पोरगं पहाटे वाळूत धावलं, तळलेलं सोडलं, आणि आता पायावर पाय टाकून बसणार?

बाईंची शाळा जेमतेम चौथी, पण शिडाच्या होडीवाल्याची लेक. त्यांचा पदर दोन्ही धावांच्या वेळी उगवतीकडेच फडफडला होता. त्या उठल्या.

"गुरुजी, पोराला दम घेऊ द्या. मग कडं घालून समुद्राकडे पळवा, आणि काढून उगवतीकडे."

"आजीबाई, श्रद्धा लागते."

"घड्याळाला कसली श्रद्धा? यल्ला, चल, तनिष!"

कडं घालून समुद्राकडे: तेरा. कडं काढून उगवतीकडे: सव्वाबारा.



"समुद्रावरचा वारा समोरून आला की अडवतो, पाठीमागून आला की ढकलतो," बाई म्हणाल्या. "माझ्या बापाच्या होडीला शीड होतं. कडं नव्हतं."

तेवढ्यात रांगेतले नागेशराव पुढे सरकले. "काकू, मग मावळतीसाठी वेगळं कडं मिळेल का?"

"ऑर्डर घेतो!" गुरुजी लगेच.

बाईंनी कपाळावर हात मारला.

तनिषचा चेहरा पडला होता. "सो आय ॲम नॉट फास्ट?"

"दोन महिन्यांपूर्वी याच वाऱ्यात, समुद्राकडेच पळून किती लागायचे?"

"चौदा."

"मग तो एक सेकंद कोणी कमावला? तुझ्या मांड्यांनी. जा, दोन फेऱ्या मार."

तो गेला. बाई रांगेकडे वळल्या. "बाबांनो, चमत्कार दिसला की टाळ्या मागाहून वाजवा. आधी म्हणा, हेच उलटं करून दाखव."

रांगेतून दोघंच बाहेर पडले.