जार पडायच्या आधी

सकाळी गाय कळा देऊन राहिली होती, तवाच म्या ठरवलं. ह्या बारीला वासरू उपाशी ठिवायचं न्हाई. मग कुनी काय बी म्हनो.

मागच्या खेपेचा गोऱ्हा गेला. लाल कंधारी गायचा गोऱ्हा, गाजरावानी लाल, कान तर हातभर. आठवड्याच्या आत पांढरं हगून हगून गेला. माय म्हनली नजर लागली. बाबा म्हनला नशीब. पन माह्या डोळ्यांनी बघितलेलं होतं, जन्मल्यावर दिवस मावळेस्तोर त्या गोऱ्ह्याला गायच्या थानाला तोंड लावू दिलं न्हवतं. आमच्या गावची रीतच हाय तशी. गायची जार, म्हंजी वासरामागून पडनारी वार, पडल्याबिगर वासराला चीक पाजायचा न्हाई. वासरानं ओढलं की जार वर चढती अन गाय हातची जाती म्हनतात. तवर वासरू लांब खुट्याला. ते तिकडून हंबरतं, गाय इकडून हंबरती, अन मानसं मधी बसून चहा पितात.

शाळा सुटल्यापासून गाय अन शेरडं माह्याकडंच हायेत. शाळा कामून सुटली तर सरनं छडी उगारली अन म्या ती धरून मोडली. जाऊ द्या. शाळेत डोळे फळ्यावर ठिवावे लागायचे, आता पाह्यजे तिथं ठिवते. अन शेरडामागं हिंडून एक गोष्ट ध्यानात आली. शेळी रानात चरता चरता येती. करडू उठतं, पडतं, परत उठतं अन थानाला लागतं. तिथं आडवायला कोन बसलंय? जार बी पडती अन करडू बी जगतं. मग गायलाच ही रीत कामून?

लशी टोचायला डॉक्टर आले होते तवा ते बी बाबाला म्हनले होते, "पहिला चीक म्हणजे वासराची पहिली लस. तासाभरात पोटात गेला पाहिजे." बाबा हाव साहेब, हाव साहेब करत ऱ्हायला, अन साहेबाची गाडी वळली की विसरला.

तर गाय आडली. पाय एकच दिसून राहिला होता. बाबा पळत जाऊन ग्यानोबा आबाला घेऊन आला. गावातली निम्मी जनावरं आबाच्या हातानं जगात आलेली हायेत. म्हाताऱ्यानं हात साबनानं धुतला, कोपरापस्तोर तेल लावलं, अन आत मुडपलेला पाय असा सोडवला की गायनं मान बी हलवली न्हाई. कालवड भस्सकन खाली. लाल. नाकातला चिकटा आबानं काढला, म्या गोनपाटानं आंग पुसलं, बाबानं नाळेला औषिद लावलं.

कालवड शिंकली. माय हसली.

"बांध तिला तिकडं," आबा हात धुता धुता म्हनले. "जार पडू दे, मग बघू."

"न्हाई बांधत," म्या म्हनलं.

"काय?"

"आत्ता पाजायचं."

आबानं बाबाकडं बघितलं. "बालाजी, ही काय म्हनून राहिली?"

"पुने, गप," बाबा.

"गप बसूनच गोऱ्हा घालवला आपन."

तेवढ्यात शेजारची साखराबाई तांब्या घेऊन हजर. गाय व्याली की हिच्या नाकाला खरवसाचा वास येतो. "आगं, सगळा चीक वासरानंच पिला तर आमी काय चाटावं?"

"तांब्या चाट."

"बघा ही जीभ," साखराबाई मायला म्हनली. "सासरी कोन ठिवील हिला?"

"गाय ठिवली तरी बास," म्या म्हनलं अन कालवड उचलली. वली, गरम, अन दिसायची त्याच्या दुप्पट जड.

आबा आडवे आले. "पोरी, मी डोकं पांढरं करून बसलोय ह्यात. वासरानं ओढलं तर जार वर चढती."

"शेळीची कामून चढत न्हाई?"

"शेळीचं येगळं."

"काय येगळं?"

"शेळी शेळी हाय."

"अन गाय गाय हाय. हे मला बी म्हाईत हाय, आबा."

माय तोंडाला पदर लावून हसली. तिथंच बिघडलं. आबानं धोतर झटकलं. "ठीक हाय. बालाजी, मी चाललो. ह्यापुढं तुझी गाय आडली तर मला बोलवायचं न्हाई. हिलाच बोलव."

आता बाबाचं तोंड उतरलं. भोकरवरून डॉक्टर येईस्तोर आडलेली गाय थांबत न्हाई. आबा रुसले तर पुढच्या बारीला हात कोन घालील? कालवड माह्या हातात थरथरून राहिली होती. तोंड उघडून माह्या बाहीलाच चोखायला लागली.

"जार न्हाई पडली तर?" बाबानं इचारलं. हळूच.

"तर डॉक्टरला फोन लावते. गायला टाइम भेटतो. हिला न्हाई भेटत. बघा, बाही चोखून राहिली."

बाबानं बाहीकडं बघितलं. मग आबाचा हात धरला. "आबा, चहा तरी घ्या. बसा जरा."

आमच्या बाबाची परवानगी अशीच असती. कुनाला बस म्हनला म्हंजी दुसऱ्यानं उठायचं. म्या गरम पान्यानं कास धुतली, पहिल्या दोन धारा खाली सोडल्या अन थान कालवडीच्या तोंडात दिलं. आधी जमंना. मग एकदम जमलं, अन शेपूट जोरात हलायला लागलं.

आबा चहा पिऊन बी गेले न्हाईत. बाजेवर बसून गायच्या मागं बघत ऱ्हायले. जार लोंबून राहिली होती. ऊन छपरावर आलं तरी तेवढीच.

"जुनी चप्पल बांध तिला, वजनानं येईल," आबा म्हनले.

"कुनी हात लावायचा न्हाई. वढलं तर आत तुटती."

"हे बी शेळीनं सांगितलं का?"

"डॉक्टरनं."

"बरं. म्हंजी एक शेळी, एक डॉक्टर, अन मी एकटा."

मला हसू आलं, पन दाबलं. कालवड झोपून उठली, परत धडपडत कासंपाशी आली, ढुशी दिली. म्या लावली परत. गायनं तिला चाटत पाठीची कमान केली. अजून एकदा केली. अन जार सळकन सगळी खाली पडली.

आबा उठले, काठीनं जार उलटीपालटी करून बघितली, सगळी आली का तुटली. "सगळी हाय," म्हनले, अन काठी टेकवत निघून गेले. बाबानं जार कडब्यात गुंडाळून रीतीपरमानं वडाला बांधायला नेली. साखराबाईला संध्याकाळच्या धारंचा तांब्याभर चीक भेटला. तरी पातळ हाय म्हनली.

पुढचे दिवस मी रोज उठल्या उठल्या कालवडीचं शेपूट वर करून बघायची. माय म्हनायची, देवाच्या आधी हेच दर्शन. गोऱ्हा ज्या वयाला आडवा पडला ते वय आलं अन गेलं. शेन पिवळं, घट्ट. कालवड दावं तोडून शेरडात पळायला लागली.

मग एक दिवस आबा आले. कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. "बरी निघाली. हात कुनाचा लागला?"

"तुमचा," म्या म्हनलं. खरंच होतं ते.

आबा उगंच दाव्याला गाठ मारत ऱ्हायले. "अमृतरावाची म्हैस आज-उद्या व्यानार. दोन रेडकं गेली त्याची मागं. तू चल संगं."

"मी कशाला? तुमी हाय की."

"मी म्हैस मोकळी करतो. आधी पाजा म्हनून त्याला तू सांग. जल्मभर त्याला उलटं सांगून बसलोय, आता माह्या तोंडातून न्हाई निघत."

"अमृतराव लई शिव्या देतो."

"म्हनून तर तुला नेऊन राहिलो."

म्या गोनपाट काखंत मारलं अन मायला आवाज दिला, शेरडं आज तू सोड म्हनून. आबा काठी टेकत हळू चालून राहिले होते. मला हळू चालता येत न्हाई, मी म्होरं निघाले.