वाडग्यातली रानबाभूळ

"आत्याबाई, आज मी ही काटेरी रोपं खणून काढणार म्हणजे काढणार! वाडग्यात पाय टाकायची सोय राहिली नाही," सून कुदळ घेऊनच उभी होती.

"काढ," म्हातारी म्हणाली.

सून भांडायच्या तयारीनं आली होती, तिचा पार विरस झाला. पूर्वीची म्हातारी असती तर एकाला चार ऐकवली असती. पण अकरा शेळ्या बाजारात गेल्या आणि त्यांचं वाडगं रिकामं झालं, तेव्हापासून तिचं हे असंच. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. रडली मात्र एकदाही नाही. मनाचा दगड झाला होता. गाव अजून तिला शेळीवालीच म्हणायचं आणि ती मुकाट ओ द्यायची.

गोष्ट तीन वर्षांमागची. गावामागच्या मुरमाड उतारावर रानबाभळीची झुडपं होती, कमरेइतकी. माती चिमूटभर, बाकी सगळा खडक. पण आसपासचं सगळं करपलं की ही बया पिवळ्या गोंड्यांनी लगडायची. वनखात्याच्या साहेबाला वाटलं, शेळ्या हिचा निर्वंश करणार. त्यानं तारेचं कुंपण ठोकलं आणि म्हातारीला बजावलं, "मावशी, झाड जगवायचंय. उद्यापासून शेळ्या इकडं दिसता कामा नयेत." दुसरा चारा होता कुठं? शेळ्या विकाव्या लागल्या.

सुनेनं पहिला घाव घातला तोच हा साहेब दारात. उतारावरून उन्हातनं आला होता, पाणी मागायला. वाडग्यात बघून तो पाणी विसरला.

"थांबा, ताई! रानबाभळीची एवढी रोपं? कुणी लावली?"

"लावतंय कोण?" म्हातारी म्हणाली. "शेळ्या शेंगा खायच्या, लेंड्या इथं टाकायच्या. पोटातनं आलेलं बी लवकर रुजतं. तुमच्या कुंपणात किती उगवली?"

"एकही नाही." साहेबाचा आवाज पडला. "जुनीही वाळत चाललीत. मावशी, चुकलं माझं. उद्याच कुंपणाला वाट करतो, तुमच्या शेळ्या आणा."

 म्हातारीला राग यायला हवा होता, निदान बरं तरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

"शेळ्या तेव्हाच खाटकानं नेल्या, साहेब," ती म्हणाली. "आता तुम्हीच शेंगा खा, आणि रोज सकाळी उतारावर जाऊन बसत जा."

सून फस्सकन हसली. म्हातारी हसली नाही.